गाण्याला पाच

चहा ओतला की कपातली खडीसाखर तडकते. तो आवाज ऐकायचा तर कपाला कान लावावा लागतो, आणि कान भाजतो.

*

करकोच्याला गाता येत नाही. तो नुसती चोच वाजवतो.

*

"उंची हा स्वभाव नव्हे, ब्राम."

"का नव्हे? बगळ्याचा असतो."

*

बिस्किटांचा निळा डबा. पाहुण्यापुढे एकदा उघडायचा, एक बिस्कीट द्यायचं, झाकण लावायचं. या गावात असंच करतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. हार्मच्या घरातल्या डब्यात मात्र बिस्किटांच्या खाली एक किल्ली असे.

*

लोणी पावाच्या अगदी कडेपर्यंत लागलं पाहिजे. नाहीतर चॉकलेटचा चुरा घसरून ताटलीत पडतो आणि दिवस बिघडतो.

*

धीर : १

किल्ली आल्मुटची. लेअरमधल्या तिच्या जुन्या खोलीची. लेअर सरहद्दीच्या पलीकडे, जर्मनीत, गाडीनं अर्ध्या तासावर. तिथल्या चष्म्याच्या दुकानात ती कामाला होती आणि रोज ये-जा करायची. हार्मबरोबर राहायला ती हॉलंडच्या या शेवटच्या गावात आली, त्याला अडीच वर्षं होऊन गेली होती. तरी खोली तिनं सोडली नव्हती. कुणी विचारलंच तर म्हणायची, "बर्फानं रस्ते बंद झाले तर असावी." अडीच वर्षांत रस्ता एकदाही बंद झाला नव्हता.

खरं कारण रेन्स्के. हार्मची नऊ वर्षांची मुलगी. एक आठवडा सोडून शनिवार-रविवारी ती आसेनला आईकडे जाई, एरवी इथं. पोर भांडखोर नव्हती, उद्धट नव्हती. पण मोजकं बोलायची, आणि बोलणं झालं की आपल्या खोलीत जाऊन दार लोटून घ्यायची. त्या लोटलेल्या दाराकडे बघत आल्मुटनं मनाशी ठरवून टाकलं होतं, की हिला आपण नको असू तर कुरकुर न करता निघून जायचं. किल्ली त्यासाठी होती.

आणि आता घरमालकिणीला ती खोली पुतण्यासाठी हवी होती. "शुक्रवारपर्यंत सांग बाई. ठेवतेस की सोडतेस?"

मंगळवारी शाळेतून निरोप आला. दोघंही या, दहा मिनिटं.

शाळेच्या लांब पडवीत भिंतभर जाळी लावली होती. कोळ्याची असतात तशीच, पण रंगीत कागदावर. मधून निघणाऱ्या आठ रेघा, प्रत्येक रेघेला एकेका गुणाचं नाव, आतून बाहेर एक ते दहा आकडे. नाताळपासून रेन्स्केच्या वर्गात एका बगळ्याची गोष्ट चालू होती. दोन पिल्लं असलेला बगळा, त्याच्या घरट्यात दुरून राहायला आलेली करकोचीण, आणि जाता येता खोटं बोलणारा एक मासा. प्रत्येक मुलानं एकेक पात्र घ्यायचं, त्याला गुण द्यायचे, ठिपके जोडायचे आणि आतला आकार रंगवायचा. मासा धीट होता पण खरेपणात एक, म्हणून त्याचा आकार भाल्यासारखा. बगळ्याच्या एका जाळ्यात 'उंची' अशीही एक रेघ होती आणि तिला दहापैकी दहा होते.

"हा ब्राम," हार्म म्हणाला. "त्याचा बाप असाच होता."

आल्मुटला हसू आलं नाही. ती रेन्स्केचं नाव शोधत होती. ते भिंतीवर कुठंच नव्हतं.

*

राग : ६

"बस, हार्म. तुझ्या जुन्या बाकावर बसलास तरी चालेल," रेन्स्केच्या वर्गाच्या डिनीबाई म्हणाल्या. दोघं याच शाळेत एका वर्गात होते. मग आल्मुटकडे वळून, "तुम्ही इथं बसा."

गावात सगळे सगळ्यांना अरे-तुरे करतात. दुकानदार, डॉक्टर, पाद्री, सगळ्यांना. पोरंसुद्धा बाईंना 'तू' म्हणतात. एकटी आल्मुट 'तुम्ही' होती.

डिनीबाईंनी एकेक बिस्कीट दिलं आणि डबा बंद केला. "मी आडपडदा ठेवणार नाही," त्या म्हणाल्या. इथं जिवाला लागेल असं काही बोलण्याआधी हे वाक्य येतं. "गोष्टीतली पात्रं संपली, तेव्हा मी मुलांना म्हटलं, आता तुमच्या घरातलं एक माणूस या गोष्टीत आलं असं समजा. त्याचं जाळं काढा. रेघा तुमच्या तुम्ही निवडा. कुणी आजी काढली, कुणी भाऊ. ब्रामनं कुत्रा काढला."

"कुत्रा?"

"घरातला आहे म्हणाला. मी सोडून दिलं. रेन्स्केनं हे काढलं."

कागद टेबलावर आला. वर सुबक अक्षरात 'आल्मुट'. नावाखाली करकोच्याचे दोन लाल पाय. आणि मधे, बाकीच्या मुलांचे आकार जिथं कागदभर फुगले होते तिथं, चिमूटभर निळा रंग. धीर, एक. माया, एक. खरेपणा, एक. ऐकून घेणं, एक. स्वयंपाक, दोन. मदत, एक. त्या चिमटीतून दोनच काटे बाहेर आले होते.

"राग, सहा," हार्मनं वाचलं आणि कागद खाली ठेवला.

"मी तिला विचारलं," डिनीबाई म्हणाल्या. "जवळ बसवून विचारलं, नक्की का गं? तर म्हणाली, नक्की. आकडे वाढवले तर खोटं होईल." त्यांनी कागद सरळ केला. "मी हे भिंतीवर लावलं नाही. पण तुमच्यापासून लपवणंही बरोबर नव्हतं. घरी काही... म्हणजे, तिला काही जड जातंय का?"

आल्मुटला सकाळ आठवली. चिखलाचे बूट, नुकतीच पुसलेली फरशी, आणि आपला चढलेला आवाज. त्याआधीची सायकल. त्याआधीचा ओला टॉवेल. शोधायला बसलं की किती निघतं.

"नाही," हार्म म्हणाला. "म्हणजे मला तरी कधी दिसलं नाही."

"एक चांगलंही आहे," डिनीबाई घाईघाईनं म्हणाल्या आणि दुसऱ्या काट्यावर बोट ठेवलं. "गाणं, पाच. तेवढं तिला आवडतं बघा. त्या वाटेनं जाता येईल. दोघींनी मिळून गात जा रोज थोडं."

बाईंच्या आवाजात खरी कळकळ होती. आल्मुटनं मान हलवली. कागद घडी न घालता, अलगद पिशवीत ठेवला. ती "आभार" म्हणाली तेव्हा तिच्या मनात एकच गोष्ट होती. शुक्रवारपर्यंत थांबायची गरज नाही, घरमालकिणीला आजच फोन करता येईल.

*

गाणं : ५

सायकली कालव्याच्या कडेनं निघाल्या. वारा समोरून, नेहमीसारखा.

"लहान आहे ती," हार्म म्हणाला. "आज एक देईल, उद्या नऊ."

"मी खोली ठेवते, हार्म."

"कुठली खोली?"

"लेअरची. थोडे दिवस तिकडं राहते. तिला मोकळं वाटेल."

हार्मनं पायडल जोरात मारलं. त्याला गंभीर बोलता यायचं नाही. पंपघरावर काम करणारा माणूस, पाणी वर आलं की उपसायचं एवढंच त्याला ठाऊक. वर आलेल्या या पाण्याचं काय करावं ते त्याला कळेना, म्हणून त्यानं चेष्टा केली.

"बरं, जा. पण गाणं तिकडं घेऊन जा. पाच गुणांचं गाणं! डिनीनं एकदा तुला ऐकायला हवं होतं. नाताळात तू तोंड उघडलंस तर शेजारच्या याप म्हाताऱ्यानं कानातलं यंत्र बंद केलं."

"गप बस."

"शपथेवर सांगतो. डोळ्यांनी पाहिलं मी. आणि ही पोरगी, जी तू गायला लागलीस की उशी डोक्यावर घेते, ती तुला सगळ्यात जास्त गुण देते कशाला? तर गाण्याला!"

आल्मुटनं इतक्या जोरात ब्रेक दाबला की मागून येणारा हार्म गवतात गेला.

"काय झालं?"

 सायकल तशीच आडवी टाकून तिनं पिशवीतला कागद काढला. वारा तो ओढत होता. तिनं दोन्ही हातांनी तो ताणून धरला आणि वाकून वाचू लागली.

पहिल्या हिवाळ्यात रेन्स्केची दाढ दुखत होती. रात्रीचं जेवण तिनं टाकलं होतं, आणि हार्म कामावर होता. आल्मुटला काही सुचेना, म्हणून तिनं आपल्या शाळेची गंमत सांगायला घेतली. आमच्याकडे तुमच्यासारखं दहा म्हणजे भारी नसतं गं. आमच्याकडे एक म्हणजे पहिला नंबर. सहा म्हणजे साफ नापास. मला गणितात एक होता आणि गाण्याला पाच. मास्तर म्हणाले, सहाच देणार होतो, पण तू वर्गात वेळेवर येतेस. रेन्स्के गाल धरून हसली होती. दुखत होतं तरी.

"हार्म," आल्मुट म्हणाली. "ही आमची मोजणी आहे."

"काय?"

"जर्मन शाळेची. एक सगळ्यात चांगला. सहा सगळ्यात वाईट. तिनं माझं जाळं माझ्या आकड्यांनी काढलंय."

हार्म गवतातून उठला, पँट झटकली आणि कागदाकडे आला. ओठ हलवत त्यानं एकेक रेघ पुन्हा वाचली, या वेळी उलटी. धीर. माया. खरेपणा. रागाच्या सहाशी पोचला तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"म्हणजे तू रागात नापास?"

"साफ."

"आणि स्वयंपाकाला दोन का?"

"ते मला विचारू नकोस," आल्मुट म्हणाली. तिला हसू येत होतं, आणि वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आणलं होतं. वाऱ्यानंच, असं ती नंतर सांगायची.

*

ऐकून घेणं : १

रेन्स्के स्वयंपाकघरात होती. टेबलावर तीन कप, प्रत्येकात खडीसाखरेचा एकेक खडा.

"डिनीबाई काय म्हणाली?" तिनं विचारलं.

"तुझं जाळं दाखवलं."

"अच्छा."

आल्मुटनं चहा ओतला. तिघांनी कपाला कान लावले. तड, तड, तड. हार्मनं कान भाजला म्हणून शिवी दिली.

"रागाला सहा?" आल्मुटनं शक्य तितक्या सहज विचारलं. "इतका कमी असतो माझा राग?"

"आज सकाळी बुटांवरून ओरडलीस तेव्हा पाच करावासा वाटला. पण कागद बाईकडे होता."

"आणि गाण्याला पाच?"

"सहाच देणार होते." रेन्स्केनं साय चमच्यानं अलगद कपाच्या कडेनं सोडली. ढवळली नाही, आल्मुटनं शिकवलं होतं तसं. "पण तू प्रयत्न करतेस."

हार्मला ठसका लागला.

"बाईला ते कळलं नाही, रेन्स्के. तिला वाटलं तू मला वाईट गुण दिलेस."

"तिला कशाला कळायला हवं? जाळं तुझं आहे ना? तुझ्या आकड्यांत नको का?" मग जणू हेही आत्ताच उरकून टाकावं अशा सुरात, "डब्यातली किल्ली कसली आहे?"

आल्मुटचा हात डब्याकडे गेला.

"तुला कसं माहीत?"

"डबा हलवला की वाजतो. बिस्किटं वाजत नाहीत."

आल्मुटनं सांगितलं. काही गाळलं नाही, सजवलंही नाही. खोली कुठं आहे, का ठेवली होती, घरमालकीण काय म्हणाली. रेन्स्केनं सगळं ऐकून घेतलं, आणि शेवटी एवढंच विचारलं, "पुतण्याला लागणार असेल ना मग ती?"

"हो. लागणार आहे."

"मग देऊन टाक की."

शुक्रवारी आल्मुट किल्ली देऊन आली. घरमालकिणीनं ती खिशात टाकली आणि जुन्या पडद्यांचं काय करायचं ते विचारलं. पडदे तिथंच राहू द्या, आल्मुट म्हणाली.

पुढच्या सोमवारी ती शाळेत गेली. चहाचं पाकीट, खडीसाखरेची पिशवी आणि तो कागद घेऊन. डिनीबाईंना समजावायला चारच वाक्यं लागली. बाईंनी कपाळाला हात लावला.

"अरे देवा. मी उलटं मोजलं. आणि वर तुम्हाला गायला सांगितलं!"

"पण मोजलंत," आल्मुट म्हणाली. आभाराचं बोलणं तिला कधी धड जमलं नाही, तरी त्या दिवशी तिनं ते शेवटपर्यंत नेलं. "तिचं काही दुखत असेल म्हणून तुम्ही आम्हाला बोलावलंत. नसतं बोलावलं तर हा कागद कपाटात राहिला असता, आणि मी तिकडं, त्या खोलीत. तुमचे उपकार आहेत."

"तू म्हण गं," डिनीबाई म्हणाल्या, आणि बिस्किटांचा डबा पुढं केला. आल्मुटनं एक घेतलं. बाईंनी झाकण लावलं नाही.

जाळं पडवीत लागलं, बगळा आणि ब्रामच्या कुत्र्याच्या मधे. खाली डिनीबाईंनी एक चिठ्ठी चिकटवली, हे जाळं आतून वाचावं. तरी येणारे जाणारे पालक त्या चिमूटभर निळ्या रंगापाशी थांबतात, आणि कुणाच्या घरी हे असं, म्हणून हळहळतात. आल्मुट रेन्स्केला घ्यायला गेली की त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहते. काही सांगत नाही.

रेन्स्केनं जाळं काढलं त्या गुरुवारी वर्गातल्या कचऱ्याच्या टोपलीत एक फाडलेला कागद होता. त्यावरही वर 'आल्मुट' लिहिलं होतं, पण खाली नऊ, दहा, दहा, नऊ असे आकडे होते आणि गाण्याला तीन.