पूजेआधी मरू नये

नेरूळच्या 'शेजारसुख' सोसायटीनं १९९६ साली एक ठराव एकमतानं मंजूर केला: वर्धापनदिनाची सत्यनारायणाची पूजा होईपर्यंत बी विंगच्या मुळ्यांनी घरी मरू नये. मांडला सेक्रेटरी मानसिंगरावांनी. अनुमोदन सगळ्यांचं. नंतर बटाटेवडे.

सुभाष मुळ्यांना कॅन्सर होता. मानेवरची गाठ फुटली होती. हॉस्पिटलनं "आता घरी न्या" म्हणून सांगितलं होतं. त्यांच्या बायकोनं, जयमालावहिनींनी, त्यांना आतल्या खोलीत ठेवलं. खिडकी बंद, फटीत जुना टॉवेल, पलंगाभोवती पुडेच्या पुडे उदबत्त्या. जखम, फिनेल आणि मोगरा यांचा तिथे असा काही वास झाला होता, की भेटायला आलेला माणूस हातातलं शहाळंसुद्धा तसंच परत घेऊन जायचा.

पनवेलच्या शायमा सिस्टर एका संस्थेतर्फे घरोघरी जाऊन अशा पेशंटांचं करायच्या. त्या आल्या आणि त्यांनी आधी खिडकी उघडली.

"अहो सिस्टर, वास बाहेर जाईल!" वहिनी ओरडल्या.

"जाऊ दे की. त्याला बाहेरच जायचंय."

त्यांनी मिठाच्या कोमट पाण्यानं जखम धुतली, वासावरच्या गोळीची पूड भुरभुरली, वर स्वच्छ गॉज ठेवला. सुभाषराव कण्हतच होते.

"दुखायची गोळी दिली?"

"अर्धी. मॉर्फिन ना ते! मानसिंगराव म्हणाले, पुढं व्यसन लागलं तर?"

"पुढं?" सिस्टरांनी हात पुसले. "वहिनी, हे बरे होणार नाहीत. तुम्हाला माहितीये, त्यांनाही माहितीये. डॉक्टरांनी सांगितलीय तेवढी द्या, दुखायची वाट न बघता, वेळेवर. अर्ध्या गोळीनं माणूस पूर्ण तळमळतो."

तेवढ्यात बेल वाजली. कमिटी! सगळ्यांच्या नाकाला रुमाल, मानसिंगरावांच्या कमरेला पेजरही.

"राग मानू नका वहिनी. रविवारी पूजा. तोवर यांना हॉस्पिटलात ठेवा. बिल्डिंगमध्ये मयत झाली तर सगळं कॅन्सल! भटजी, मांडव, केटरर... टेन्शन हो नुसतं."

आतून सुभाषरावांचा आवाज आला, "पूजा किती वाजता?"

"दहा ते बारा."

"बारापर्यंत मरत नाही, असं लिहून देऊ?"

मानसिंगरावांनी मनापासून विचार केला. "दिलंत तर बरंच होईल. वहिनींचीही सही लागेल."

जयमालावहिनींनी नाकांवरच्या त्या रुमालांकडे पाहिलं. या नाकांची सोय व्हावी म्हणून आपण नवऱ्याला धुरात कोंडलं! या तोंडांचं ऐकून त्याची गोळी मोडली! त्यांना कमिटीची किळस आली आणि तेवढीच स्वतःचीही. त्यांनी उदबत्त्यांचं घर उचलून, जळत्या उदबत्त्यांसकट, मानसिंगरावांच्या हातात दिलं.

"हे घेऊन जा. वास तुमच्यातनं येतोय. निघा!"

मग त्यांनी पुरी गोळी दिली. त्या दुपारी सुभाषराव शांत झोपले. पुढं जखम धुणं, कूस बदलणं, कोरडे ओठ ओले करणं, सगळं वहिनी सिस्टरांकडून शिकल्या. तोंड न फिरवता.

रविवारी सुभाषराव खिडकीशी उशांना टेकून लाउडस्पीकरवरची कथा ऐकत बसले. प्रसादाचा शिरा बोटभर चाखला आणि म्हणाले, "तूप हात राखून घातलंय." पुढं दिवाळीच्या तोंडावर ते गेले, घरीच, वहिनींचा हात धरून, न कण्हता.

ठराव अजून कुणी रद्द केलेला नाही. पण एका सकाळी मानसिंगराव दारात उभे राहिले. नाकाला रुमाल नव्हता, तो डोळ्यांना होता.

"वहिनी, त्या सिस्टरांचा नंबर द्याल? आमच्या आईला... 'घरी न्या' म्हणाले."

वहिनींनी नंबर दिला.

मंडळी, आपण माणसाला उदबत्ती लावतो, तीही तो जिवंत असताना! त्याला हवं असतं एवढंच: दुखू नये, अंग स्वच्छ असावं, आपलं माणूस जवळ बसावं. हे घरी देता येतं. शिकवायला सिस्टर येतात. त्यांना दार उघडायचं आपण, आणि खिडकीसुद्धा.