चौथ्या तारेवरचं नाव

गेट. आठ मीटर.

रितेश, माझा मुलगा, म्हणाला होता तीन कॅमेरे: गेट, पार्किंग, जिना. शेजारची स्कूटर चोरीला गेल्यापासून त्याचं हेच चाललं होतं. आज तो वर ऑफिसच्या कॉलवर, म्हणून तारवाल्या गौसभाईंना वाट दाखवायचं काम माझ्याकडे.

"साब, तार कू अंदर लेने के पहले ऐसा नीचे झुकाना," गौसभाई म्हणाले. "पानी उदरच टपक जाता."

मी शिडी धरली. ब्याऐंशीव्या वर्षी कुणी शिडी धरायला सांगत नाही. बरं वाटलं.

पार्किंग. अकरा मीटर.

काही घडलं नाही. चहा झाला.

(इथे जिना यायला हवा होता.)

मागचं दार. एकवीस मीटर.

हे दार माझ्या खोलीचं. रोज तीन वाजता मी इथून निघतो, काचीगुडा स्टेशनवर बसून गाड्या बघतो. उन्हाळ्यात एकदा परतताना गल्ली चुकलो. सून भाग्यलक्ष्मी म्हणाली, कुलूप घालू. रितेश म्हणाला, नको, लोक काय म्हणतील.

गौसभाई इथेही तार ओढत आले. चोर मागच्या भिंतीवरूनच चढणार, मला पटलं. "दीवार से नक्को," मी म्हटलं, "पेरू के पीछे से लो, कम लगेगा." आड येणारी फांदीही मीच कापली.

गौसभाईंनी कॅमेऱ्याचं तोंड फिरवलं. दाराकडे.

"अरे, चोर उदर से आता!"

"छोटे साब दरवाजाच बोले."

जिना. सहा मीटर.

चारही तारा जिन्याखालच्या डब्यात आल्या. प्रत्येकीच्या टोकाला पांढरी पट्टी, तिच्यावर गौसभाईंच्या हातचं उर्दू. माझी शाळा उर्दूतली होती; आता या घरात उर्दू वाचणारा मी एकटाच. गेट. पार्किंग. जीना.

बुड्ढा.

मी वाचतोय हे गौसभाईंनी पाहिलं. "माफ करो साब. छोटे साब फोन पे 'बुड्ढे का दरवाजा' बोले. मैं उत्ताच लिख लिया."

रितेश फोन घेऊन खाली आला. "बाबा, यांचं लिखाण मला कुठे वाचता येतं! सांगा ना, ॲपमध्ये नावं टाकतो."

तीन सांगितली.

"आणि ही?"

"बुड्ढा."

त्याचं बोट थांबलं. गौसभाई पेचकस शोधू लागले. तो त्यांच्या हातातच होता.

"बाबा, तुमच्या सेफ्टीसाठीच आहे ते. मी 'बाबा' टाकतो."

"पट्टीवरचंच टाक. नाव बदललंस तर तार चुकेल."

तीन वाजता चपला घालून मी मागचं दार उघडलं. वर लाल दिवा लागला.

"बाबा," कॅमेरा रितेशच्या आवाजात म्हणाला, "ऊन आहे. आत जा."

कॅमेऱ्याने बाबाच म्हटलं. मी चपला काढल्या.