गुडघा टेकायची प्रॅक्टिस

डनमोर कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमला, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या खेळातल्या टीमला, आयोवा राज्यातल्या बाकीच्या कॉलेजांत भलती मागणी होती. कुठेही माजी विद्यार्थ्यांचा मेळावा ठरला, की त्या शनिवारच्या सामन्याला डनमोरलाच बोलवायचं. म्हातारे पदवीधर बायकामुलांसह येणार, गाडीच्या मागे सॉसेज भाजणार, बिअर पिणार. त्यांना आपलं कॉलेज जिंकताना दिसायला नको का? यंदाही डनमोरने लोकांचे मेळावे असेच गोड करून दिले होते.

ऑरिन व्हेल्टकॅम्प या टीमचा सेंटर. म्हणजे वाकून दोन पायांमधून चेंडू मागे द्यायचा आणि समोरून येणारा धिप्पाड गडी अंगावर घ्यायचा. चार वर्षं त्याने हेच केलं, आणि चार वर्षांत एकही सामना जिंकला नाही. आता एकच उरला होता. त्यानंतर पदवी, नोकरी आणि खेळ कायमचा बंद, कारण डनमोरच्या सेंटरला पुढे कोण विचारतो? त्याला एकदा, फक्त एकदा जिंकायचं होतं. आपण सोडून टीममधला प्रत्येक जण बिनकामाचा आहे असं त्याचं ठाम मत होतं, आणि ते तो लपवतही नसे.

कोच फेन्स्कींवर तर विशेष राग. हा माणूस दर सोमवारी नवं घोषवाक्य छापलेले शर्ट वाटायचा. शर्ट बदलला की टीम बदलते, असा त्याचा समज असावा.

शेवटच्या आठवड्यातही शर्ट आले. ऑरिनने आपला बाकावर टाकला आणि म्हणाला, "कोच, एकदा गुडघा टेकायची प्रॅक्टिस करू या."

शेवटच्या मिनिटाला आपण पुढे असलो, की सेंटरने मागे दिलेला चेंडू क्वार्टरबॅकने घ्यायचा आणि तिथल्या तिथे गुडघा टेकायचा. गुडघा टेकला की चेंडू मेला, घड्याळ चालत राहतं, सामना खिशात. खेळातलं सगळ्यात कंटाळवाणं काम. डनमोरने ते कधी करून पाहिलं नव्हतं, कारण शेवटच्या मिनिटाला ते पुढे असायचेच कधी?

"अरे, आधी पुढे तर जाऊ दे!" फेन्स्की हसले. पोरंही फिदीफिदी हसली.

"पोरगी अजून हो म्हणाली नाही आणि हा बाळाचं नाव ठरवतोय," कोल्बी म्हणाला. कोल्बी क्वार्टरबॅक होता. त्याचे केस अगदी टीव्हीवरच्या खेळाडूसारखे होते. साम्य तेवढ्यावरच थांबायचं.

शनिवारी घरच्या मैदानावर शेवटच्या वर्षाच्या पोरांचा निरोप होता. रिवाजाप्रमाणे प्रत्येकाने आईवडिलांना घेऊन मैदानाच्या मध्यापर्यंत चालायचं आणि आईला शेवंतीचं फूल द्यायचं. ऑरिनच्या आईचे डोळे भरून आले. वडिलांचे कसले भरतात! गेरिट व्हेल्टकॅम्प ट्रॅक्टर दुरुस्त करायचे, प्रत्येक सामन्याला थर्मास घेऊन यायचे आणि आसपासच्या चार रांगांना ऐकू जाईल असं बोलायचे. गेल्याच सामन्यात म्हणाले होते, "अरे, मैदानात गाई कोणी सोडल्या?"

आज मध्यावर उभे राहून ते पुटपुटले, "जरा लवकर हरा रे. थंडी आहे."

समोरची टीम डनमोरइतकीच भिकार होती, म्हणून सामना रंगला. यांनी चेंडू सांडायचा, त्यांनी पकडायचा. मग त्यांनी सांडायचा. सांडासांड होता होता शेवटचं मिनिट उजाडलं आणि पाहतात तो डनमोर चार गुणांनी पुढे, चेंडूही डनमोरकडे. समोरच्यांना आता घड्याळ थांबवता येत नव्हतं.

कोच फेन्स्की ओरडून काहीतरी सांगायला निघाले. तेवढ्यात राखीव पोरांनी बर्फाच्या पाण्याचं पिंप उचलून मागून त्यांच्या डोक्यावर ओतलं. जिंकल्यावर कोचला असं भिजवायचं असतं, पण जिंकल्यावर! नोव्हेंबरच्या गारठ्यात फेन्स्कींचा श्वास अडकला आणि सूचनाही.

ऑरिनने सगळ्यांना गोळा केलं. "कोल्बी, नीट ऐक. चेंडू घे. गुडघा टेक. दुसरं काहीही करू नकोस."

"एवढंच?"

"एवढंच. तुलासुद्धा जमेल."

ऑरिन वाकला आणि चेंडू मागे दिला. समोरचे गडी नुसते उभे होते, त्यांनीही हार मानली होती. लोकांचा एकच गलका उठला. ऑरिन ताठ झाला, वळला आणि वडिलांना शोधू लागला.

ते कठड्याशी उभे होते. चार वर्षांत बाकावरून न उठलेला तो माणूस दोन्ही हात हलवत, चेहरा लाल करून ओरडत होता. ऑरिनचा ऊर भरून आला. त्यानेही दोन्ही हात उंच करून हलवले.

कोल्बीने चेंडू घेतला होता. पण तो गलका ऐकून त्याची अक्कल जी थोडीफार होती तीही गेली. गुडघा न टेकताच त्याने आनंदाने चेंडू मागच्या मागे उंच उडवला. तो खाली पडला, पण मेला नव्हता; टप्पा खाऊन घरंगळत पुढे आला. डनमोरची पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली होती. समोरच्या टीममधल्या एका जाड्याने चेंडू उचलला, आपल्या नशिबाकडे क्षणभर बघितलं आणि धावत सुटला. त्याला अडवायला कुणी नव्हतं. तो पलीकडची रेघ ओलांडून सहा गुण घेऊन गेला तेव्हा घड्याळात शून्य होतं.

कोल्बी गवतावर बसून हमसाहमशी रडत होता. आता त्याचा गुडघा टेकलेला होता. ऑरिन त्याच्याकडे ढुंकूनही न बघता कठड्याशी गेला.

"बघितलंत बाबा? दोन शब्द सांगितले होते त्या माकडाला! घे आणि टेक! मी सोमवारपासून बोंबलतोय. असल्या नालायकांत चार वर्षं फुकट घालवली मी!"

गेरिटनी त्याला पूर्ण बोलू दिलं.

"तो गाढवच आहे," मग ते म्हणाले. "पण चेंडू तुझ्या टाचेशी येऊन थांबला होता. नुसतं त्याच्यावर पडायचं होतं तुला, सामना आपला. मी घसा फोडून तेच सांगत होतो."

ऑरिनने वळून मैदानाकडे पाहिलं.

"मला वाटलं... तुम्ही खूश होऊन ओरडताय."

गेरिट थर्मासचं झाकण लावत म्हणाले, "मी? तुमच्या खेळावर?"