नावावर न जाणारा शोधक

मित्रांनो, मी एक जुना शोधक आहे. नारिन नावाच्या डोंगराळ गावात, मेलिसच्या संगणकात राहतो आणि हरवलेल्या फाइली शोधून देतो. आधीच सांगून ठेवतो, माझा कोणावर विश्वास नाही. फाइलींच्या नावांवर तर मुळीच नाही. ‘नवीन’ नावाची फाइल जुनाट निघते आणि ‘शेवटची’ म्हणवणारीच्या मागून आणखी भावंडं येतात.

मला घडवणाऱ्यांनी फाइलीच्या आत नोंदलेली माहितीही वाचायला शिकवलं होतं. कोणी गायलं, कधी गायलं, सगळं. पण त्याने संगणक धापा टाकतो, म्हणून ती विद्या बंद ठेवली. तरी लोक मला हुशार म्हणत. मला त्या कौतुकाचाही संशय येई, कारण मी नुसती वरवरची नावं वाचत होतो.

मेलिसचे वडील बुरकुत, कोमुझ हे तंतुवाद्य वाजवून गात. ते वारले. त्यांना जाऊन वर्ष झाल्याच्या जेवणाला त्यांचा आवाज ऐकवायचा होता. मेलिसने माझ्या चौकटीत ‘बुरकुत’ लिहिलं. मला काहीच सापडलं नाही.

“तुझ्या बायकोनेच पुसलं असणार!” त्याची आई सायराकान कडाडली. “गाणी तिनेच भरली होती ना यात? सिनेमांना जागा हवी असेल बाईसाहेबांना!”

“आपा, नुरझात तशी नाही गं.” आईला तो आपाच म्हणे.

“तू काय बोलणार, तिच्या ताटाखालचं मांजर! खाली येऊ दे, माहेरीच धाडते तिला.”

नुरझात मेंढ्यांबरोबर वरच्या कुरणावर होती. तिथे फोन लागत नाही. आईच्या बोलण्याने मेलिसच्याही मनात पाल चुकचुकली. चिडून तो सिनेमे पुसायला बसला. ‘उंच उडणारा’ नावाच्या ढीगभर फाइली त्याने सिनेमाच्याच समजून निवडल्या. मला ते नाव केव्हाचं खटकत होतं, पण मला विचारतो कोण?

पुसण्याआधी एकदा शेवटचं शोधू, म्हणून त्याने माझ्या सेटिंगमध्ये खुडबुड केली आणि ‘आतली माहितीही शोधा’ यावर खूण केली. दुपारभर संगणक धापा टाकत राहिला. मग त्याने पुन्हा ‘बुरकुत’ लिहिलं, आणि त्याच निवडलेल्या फाइली मी त्याच्यापुढे ओळीने मांडल्या. गाणी रेडिओवाल्यांनी टिपली होती. प्रत्येकीच्या आत त्यांनी लिहून ठेवलं होतं, गायक बुरकुत.

आवाज घुमला तशी आपा पडद्याजवळ आली आणि तिने फाइलींचं नाव वाचलं.

“या अल्ला! सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून पोरीने हे लिहिलं. बुरकुत म्हणजे गरुडच ना! नवी नवरी असताना एकदा नाव निघालं तोंडातून, तर मीच किती बोलले होते तिला.”

मित्रांनो, पुसायचं बटण दाबण्याआधी आत डोकावून बघा. संशय जरूर घ्या, मीही घेतो, पण शोध पुरता होऊ द्या.

नुरझात खाली उतरली. दाराजवळ बसणाऱ्या सुनेला आपाने हाताला धरून मानाच्या जागी नेलं. ती घाबरली.

“आपा, काय झालं? कोणी आजारी आहे का?”

“नाही,” आपा म्हणाली. “मी तुला घराबाहेर काढायला निघाले होते. बस इथे.”