दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

"या घरात कात्री जागेवर सापडली तर मी माझं नाव बदलीन," तो पुटपुटला.

पुटपुटलाच. त्याच्या घशातून आता एवढंच निघायचं. पलंगावर बॅग भरत बसलेल्या बायकोला तेवढं ऐकू आलं. एरवी तिने म्हटलं असतं, की कात्री शेवटची कोणी वापरली ते आधी आठवा. आज ती म्हणाली, "देते हं," आणि नव्या पायजम्याचा लोंबता धागा स्वतःच दाताने तोडून दिला.

त्याने मान वर केली. "हं काय? भांड की."

ती हसली, पण भांडली नाही. गेले दोन आठवडे घरात कोणी भांडलं नव्हतं. सगळे पाहुण्यासारखे गोड वागत होते, आणि त्या गोडव्याचीच दोघांना धास्ती बसली होती.

तो बसस्थानकावर उद्घोषक होता. कुठली गाडी कोणत्या फलाटाला लागेल, हे अर्ध्या गावाला त्याच्या आवाजाने सांगितलेलं. मित्र त्याला भोंगा म्हणायचे. पावसाळ्यात आवाज बसला तेव्हा सगळ्यांना सर्दी वाटली. मग गाठ निघाली. डॉक्टरांनी कागदावर गळ्याचं चित्र काढून स्वरयंत्रावर फुली मारली आणि नवरा, बायको आणि त्याची थोरली बहीण अशा तिघांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरल्यापासून ते वाक्य कोणी पुन्हा काढलं नव्हतं. घरात नुसतं 'ऑपरेशन' म्हणायचे. बहीण तर म्हणायची, एकदा घसा साफ झाला की सुटलो. जणू चिमणीतली काजळीच काढायची होती.

ऑपरेशन उद्या सकाळी होतं. आज संध्याकाळी दाखल व्हायचं होतं. दवाखान्यात न्यायला गाडी यायची होती, तिला अजून अवकाश होता.

"टेप लावतो," तो म्हणाला.

तिच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

ती कॅसेट त्याला एका ड्रायव्हरने कधीकाळी भरून दिली होती. कोणा परदेशी माणसाची विजेची गिटार. भाषेतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. तो माणूस एक ओळ गायचा, दाराशी उभं राहून गाऱ्हाणं सांगावं तशी, आणि गप्प व्हायचा. मग गिटार तोंड उघडायची. तापल्या तव्यावर पाण्याचा हबका मारावा तशी ती चरचरायची, किंचाळायची, एकाच सुराला धरून गदागदा हलवायची. लग्न झालं तेव्हा बायको म्हणाली होती, याला कोणी झोडपतंय का? तो म्हणाला होता, "दिवसभर मी 'प्रवाशांनी कृपया' म्हणतो. माझ्या वाटचं हा ओरडतो." पुढे तिलाही ते आवडायला लागलं. दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात तर माणूस गायचाच थांबायचा आणि शेवटपर्यंत एकटी गिटार पेटलेली असायची. तिथे तो बोट वर करायचा. ऐक आता.

आणि नेमका तिथेच तिने घोळ घातला होता.

परवा तिला त्याचा आवाज भरून ठेवायचा होता. त्याला सांगून कसा भरणार? कशाला, असं त्याने विचारलं असतं तर काय उत्तर देणार होती? कॅसेटच्या पाठीवरची प्लास्टिकची खिट्टी मोडली की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही; मोडलेली नसेल तर ती कोरी, हे त्यानेच तिला शिकवलेलं. कपाटातली एक खिट्टी न मोडलेली, बिननावाची कॅसेट तिने होती तिथूनच घातली, बटण दाबलं, वर ओढणी टाकली आणि शेजाऱ्याच्या सायकलचा विषय काढला. त्या विषयावर तो पुटपुटत का होईना, तासभर बोलू शकत असे. दुसऱ्या दिवशी त्याच्या गिटारच्या कॅसेटीची डबी रिकामी दिसली, तेव्हा आपण कशावर भरलं ते तिला कळलं. त्याने स्वतःच्या लाडक्या कॅसेटीची खिट्टी आळसापायी कधी मोडलीच नव्हती.

"आधी औषध घ्या ना," ती म्हणाली. घेतलं होतं. चप्पल शोधून ठेवूया का, तर चप्पल दारातच होती. टेपरेकॉर्डर बिघडलाय, असं ती म्हणेपर्यंत गिटार सुरूसुद्धा झाली.

पहिली बाजू संपेपर्यंत गाडी येईल, अशी तिला आशा होती. आली नाही. त्याने बाजू उलटली. निदान वीज तरी जावी, असं तिला वाटलं. वीज गेली नाही. गाण्यापेक्षा तिला त्याच्या चेहऱ्याची भीती वाटत होती. ती टेप तिने का भरली, हे त्याला ऐकताक्षणी कळणार होतं.

तिसरं गाणं आलं. माणूस गप्प झाला. गिटार उसळली, त्याने बोट वर केलं आणि खट् असा आवाज झाला.

"...सायकल पुन्हा आडवी लावलीय. सांगून सांगून थकलो मी."

"मग? मग तुम्ही काय म्हणालात?" हा तिचा आवाज.

"काय म्हणणार? तू कधीपासून माझं एवढं ऐकायला लागलीस?"

"असंच. बोला तुम्ही."

त्याचं बोट हवेतच राहिलं, मग हळूच खाली आलं. टेप त्याने बंद केली नाही.

"कुठपर्यंत आहे?" त्याने विचारलं.

"बाजू संपेपर्यंत."

"एवढ्या आगीत माझं सायकलपुराण," तो म्हणाला, आणि हसायला गेला तो खोकला आला. तिने पाठ चोळली. टेपमधला तो शेजाऱ्याला नावं ठेवत राहिला.

बहीण स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. टेपकडे बघून तिचा चेहरा उतरला, पण तिने लगेच सावरून घेतलं. "अगं, बंद कर ते. जिवंत माणूस समोर बसलाय आणि टेप कसली ऐकताय? घसा बरा झाला की बोलेलच तो, कान किटेपर्यंत."

बायकोने पाठीवरचा हात काढला नाही. ती बहिणीला उत्तर देत होती, पण बघत होती त्याच्याकडे.

"नाही बोलणार, वन्सं. उद्या यांचा आवाज जाणार आहे, आणि तो परत येणार नाही."