आठ दिवसांची वाइन

ओनोरीना शिडी घेऊन वळणावर गेली तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. कोस्ताब्रूनात वळणावरच्या खांबाला आयव्हीची हिरवी फांदी दिसली की गावाला कळतं, वरच्या घरी वाइन उघडली आहे. आजवर फांदी तिचा नवरा जिल्दो बांधायचा आणि ओनोरीना खालून शिडी धरायची. जिल्दोला जाऊन अडीच महिने झाले होते. शिडी धरायला कुणी नव्हतं, म्हणून तिने ती खांबालाच करकचून बांधली आणि सत्तराव्या वर्षी, स्वतःच्या गुडघ्यांना शिव्या घालत, वर चढली.

फांदी आठ दिवस राहते, त्याहून जास्त नाही. आणि वाइन त्याआधीच संपली तर फांदी लगेच उतरवायची, उगाच कुणाला एवढी चढण चढायला लावायची नाही. ओनोरीनाला ते आठच्या आठ दिवस हवे होते. दफनविधी झाल्यापासून तिच्या घरात माणसाचा आवाज म्हणून झाला नव्हता. लोक वाईट नव्हते. उलट फार चांगले होते आणि तीच पंचाईत होती. दुःखातल्या बाईला त्रास नको म्हणून सुपाचं भांडं फाटकावर ठेवून ते चोरपावलांनी निघून जायचे. भांडं घासून तिथेच ठेवलं की तेही तसंच गुपचूप नाहीसं व्हायचं. अडीच महिन्यांत ती सर्वांत जास्त बोलली होती ती रेडिओवर हवामान सांगणाऱ्या माणसाशी, आणि तो मेला स्वतःचंच घोडं दामटायचा.

म्हणून तिने बेत नीट आखला होता. तीस-तीस लिटरची तीन पोलादी पिंपं. रोज सात-आठ जण आले आणि हात जरा आखडता घेतला, तर आठ दिवस आरामात निघतील. पहिले दोन दिवस लोक जिल्दोबद्दल बोलतील. बोलू देत, तिलाही त्याच्याबद्दल बोलायचं होतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो विषय निवेल. मग ती स्वतः बाकावर बसेल, आपला पेला भरून घेईल आणि चाळीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट सांगून टाकेल.

गोष्ट एवढीच होती की ही वाइन जिल्दोची नव्हती. द्राक्षमळा त्याचा, यात वाद नाही. छाटणी करावी तर त्यानेच. पण तळघरात त्याचं काही चालायचं नाही. शरदात एकदा आंबून शांत झालेली पांढरी वाइन मार्चमधल्या चढत्या चंद्राला पिंपात भरायची, साखर आणि चिमूटभर यीस्ट घालून झाकण घट्ट बसवायचं, की ती आतल्या आत पुन्हा जागी होते आणि मे महिन्यापर्यंत बुडबुड्यांनी भरून जाते. साखर किती, हे सगळं मर्म. लग्नानंतर पहिली दोन वर्षं जिल्दोने स्वतः घातली. तेव्हा पिंपं नव्हती, बाटल्या होत्या. अर्ध्या फुटल्या आणि उरलेल्यांत बुडबुडा औषधालाही नव्हता. तिसऱ्या वर्षी ओनोरीनाने त्याच्या हातून मापटं काढून घेतलं ते कायमचं. पुढे पिंपं आली तेव्हा आतली नळी करवतीने दोन बोटं आखूड केली तीही तिनेच, म्हणजे तळाचा गाळ नळातून पेल्यात येत नाही. प्रत्येक पिंपातली थोडी वाइन ती प्लास्टिकच्या बाटलीत भरून शेजारी ठेवायची आणि येता-जाता दाबून बघायची. बाटली दगडासारखी घट्ट लागली की पिंप तयार.

या सगळ्यात जिल्दो दिवा धरायचा. आणि मे महिन्यात नळाशी उभा राहून गावाला चंद्र समजावून सांगायचा. पहिली दहा वर्षं तिला संताप यायचा. मग तो येईनासा झाला, कारण माणूस इतका रंगवून सांगायचा की स्वयंपाकघरात पाहुण्यांसाठी उकडलेली अंडी सोलता सोलता तिलाही हसू यायचं. तरी आत कुठेतरी खुपायचं ते खुपायचंच. या मार्चमध्ये तिने दिवा खिळ्याला टांगून पिंपं बंद केली. खिळा बिचारा काही बोलला नाही.

फांदी बांधून ती परत आली, पिंपं बर्फाच्या पाण्यात उभी केली, वाइन नळात ढकलणाऱ्या गॅसच्या नळकांड्याचा पाइप जोडला आणि पहिला पेला काढून पाहिला. फेस दोन बोटं, मग बारीक बुडबुड्यांची न थांबणारी रांग. आंबटसर, कोरडी, जिभेला टोचणारी. आजवरची सर्वांत चांगली. हे तिला कुणाला तरी लगेच सांगावंसं वाटलं.

बारा वाजता फाटक वाजलं. सात-आठ नव्हे, अख्खं गाव वर आलं होतं. पन्नास माणसं, रविवारचे कपडे, हातात झाकलेली ताटं. सर्वांत पुढे ओलिन्दो, जिल्दोचा लहानपणापासूनचा मित्र, गळ्यात टाय आवळून लालबुंद झालेला. मागे त्याची बायको झीटा, बाह्या सरसावून.

"बस तू," झीटाने तिला खांद्याला धरून टेबलाच्या टोकाला बसवलंच. "आज कशाला हात लावलास तर बघ!"

"अगं, पण अंडी..."

"अंडी आम्ही आणलीत, सोप्रेसा सॉसेज कापून आणलंय, मक्याचा पोलेंटा परतून आणलाय. तू फक्त बस."

नळाचा ताबा ओलिन्दोने घेतला. त्याने तोटी भीतभीत अर्धी उघडली आणि पेल्यात नुसता फेस भसाभसा आला.

"पूर्ण उघड! एका झटक्यात!" ओनोरीना ओरडली.

"हो गं, हो. जिल्दोला बघितलंय मी, तीस वर्षं," ओलिन्दो म्हणाला आणि फेस जमिनीवर ओतून पुन्हा अर्धीच उघडली.

"अरे, कोंबड्यांना पाजतोस का?" कुणीतरी मागून म्हणालं.

"कोंबड्यांना तुझ्यापेक्षा चव कळते!"

हशा झाला. ओनोरीनाही हसली. इतकी माणसं, इतका गोंगाट! तिला मनापासून बरं वाटलं. मग ओलिन्दोने पेला वर केला, सगळे उभे राहिले आणि तो म्हणाला, "जिल्दोसाठी. जिल्दोच्या हातची ही शेवटची वाइन. असा हात पुन्हा होणे नाही."

"जिल्दो!" पन्नास माणसं म्हणाली आणि पेले रिकामे झाले.

पहिलं पिंप एक वाजताच रिकामं झालं. ओनोरीनाने झीटाचा हात धरला. "अगं, जरा हळू घ्यायला सांग ना. आठ दिवस आहेत."

"आठ दिवस तुझ्या दारात माणसं? वेडी की काय!" झीटाने तिचा हात थोपटला. "चर्चबाहेर आमचं सगळ्यांचं बोलणं झालंय. या बाईला आठवडाभर राबवायचं नाही, एका दिवसात उरकायचं आणि तिला मोकळं करायचं."

"मला मोकळं व्हायचं नाहीये."

"तसं वाटतं गं सुरुवातीला," झीटा म्हणाली आणि ताटं गोळा करायला निघून गेली.

चाळीस वर्षांत ओनोरीना या टेबलाशी पहिल्यांदाच बसली होती, तीही मानाच्या जागी. तिथे तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. गोष्टी तिच्या डोक्यावरून इकडून तिकडे जात होत्या. जिल्दो कसा चंद्र बघायचा, जिल्दो कसा नुसत्या नाकाने साखर जोखायचा. ती हे एका कानाने ऐकत होती, दुसरा पिंपाकडे होता. दुसरं पिंप अर्ध्यावर आलं तेव्हा मात्र तिला राहवेना. ती उभी राहिली.

"मला काही सांगायचंय."

पन्नास चेहरे तिच्याकडे वळले, डोळ्यांत आधीच पाणी. "ही वाइन..." ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला, कारण एवढ्या माणसांसमोर ती जन्मात बोलली नव्हती. तेवढ्यात पोस्टातली म्हातारी हुंदका देऊन तिच्या गळ्यात पडली. "नको गं, काही बोलू नकोस. आम्हाला कळतं." मग आणखी दोघी आल्या. त्या मिठ्यांमधून ती बाहेर पडेपर्यंत ओलिन्दो तिसऱ्या पिंपाला नळ जोडत होता आणि लोक घरून आणलेल्या बाटल्या पुढे करत होते. आठवण म्हणून भरून न्यायच्या होत्या प्रत्येकाला.

पाच वाजता तिसरं पिंप संपलं. बायकांनी पेले धुतले, पुसले, फळीवर मांडले. टेबल पुसलं, अंगण झाडलं, पिंपंसुद्धा विसळून उलटी ठेवली. प्रत्येकाने तिच्या गालांचं चुंबन घेतलं. "आता आराम कर हं," म्हणत सगळे उतारावरून गेले, आणि जाता जाता वळणावरची फांदी उतरवून टाकायचं ओलिन्दोने आपणहून अंगावर घेतलं.

ऊन अजून अंगणात होतं. ओनोरीनाने काही करायला शिल्लक आहे का ते पाहिलं. काही नव्हतं. आठ दिवसांपैकी सात उरले होते आणि तिला एवढं रडू आलं की तेवढं दफनाच्या दिवशीही आलं नव्हतं.

फाटक वाजलं. ओलिन्दो होता, टाय सैल, बगलेत आयव्हीची फांदी, चढणीने धापा टाकत. तिने घाईघाईने ॲप्रनने तोंड पुसलं.

"ओनोरीना, एक विचारू?" तो म्हणाला. "फांदी सोडता सोडता डोक्यात आलं. जिल्दोला आपण पुरलं तेव्हा चंद्र उतरता होता."

"होता."

"म्हणजे मला पक्कं आठवतंय, कारण दुसऱ्याच दिवशी मी कांदे लावले. कांदे मी चढत्या चंद्राला लावत नाही. आणि त्याआधी महिनाभर तो इस्पितळात. मग चढत्या चंद्राला ही पिंपं बंद केली कुणी?"

"मी."

"बरोबर, तूच असणार. त्याने सांगून ठेवलं असेल, साखर किती वगैरे."

"नाही."

ओलिन्दोने तिच्याकडे पाहिलं. मग उलट्या ठेवलेल्या पिंपांकडे पाहिलं. "आणि गेल्या वर्षी?"

"मीच. त्याच्या आदल्याही वर्षी. तुझ्या लग्नात प्यायलास तीही माझीच."

"आणि जिल्दो?"

"दिवा धरायचा. चांगला धरायचा, हलू द्यायचा नाही."

ओलिन्दो बाकावर टेकला. बराच वेळ तो फांदीची पानं बोटांनी सारखी करत राहिला. शेवटी म्हणाला, "एक पेला दे. आता कळल्यावर परत एकदा नीट चाखून बघतो."

हेच, अगदी हेच तिला हवं होतं. कुणीतरी समोर बसून तिची वाइन तिची म्हणून प्यावी.

"नाहीये," ती म्हणाली. "तुम्ही थेंबसुद्धा ठेवला नाहीत."

"अरे देवा." त्याने कपाळावर हात मारला. मग जरा पुढे झुकून, आवाज उतरवून म्हणाला, "हे बघ, खाली कुणाला सांगू नकोस. म्हणजे मला पटतंय, माझं सोड. पण आज सगळे त्याच्या नावाने रडलेत. बाटल्या भरून नेल्यात. त्याचं नाव राहू दे."

ओनोरीनाला वाटलं, याच्या डोक्यात तीच फांदी हाणावी. चाळीस वर्षांत तिने ही गोष्ट एका माणसाला सांगितली होती, आणि त्याने ती ऐकून घेऊन परत तिच्याच ओटीत टाकली होती. पण तो निघाला असता तर अंगण पुन्हा रिकामं झालं असतं. राग तिने गिळला.

"बस ना जरा," ती म्हणाली. "कॉफी ठेवते."

"नको, झीटा वाट बघत असेल." तो उठला, फांदी त्याने भिंतीला टेकवून ठेवली आणि फाटकाकडे वळला.

ती त्याच्या मागोमाग गेली. मागायची सवय नव्हती तिला, जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. तरी तिने विचारलं.

"ओलिन्दो, उद्या येशील?"

"उद्या?" तो थांबला. त्याच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं, त्याला खरंच प्रश्न पडला होता. "पण आता वाइन कुठाय?"

"हो," ओनोरीना म्हणाली, "तेही खरंच." आणि त्याला जाता यावं म्हणून तिने फाटक उघडून धरलं.