पाठमोरी

रिसॉर्टमालक हर्षलशेठने माणसाएवढ्या लाकडी बाहुलीच्या कमरेला हात घालून तिला पाहुण्यांकडे वळवलं आणि वळवता वळवता अंगठा नको तिथे नेला. पुढच्या टेबलावरची माणसं फिदीफिदी हसली. शेजारी उभ्या लंकाबाईंनी पदर खांद्यावरून ओढून घेतला.

बाहुलीचा चेहरा त्यांचा होता. तमाशाच्या फडावर पेट्या, कनातीचे खांब करणाऱ्या गोटीराम सुताराने त्यांना समोर बसवून तो सागवानात कोरला होता, सिन्नरच्या गणपतीतल्या हलत्या देखाव्यासाठी. पोटात एकेक हालचाल ठरवणाऱ्या लाकडी चकत्या, सायकलची चेन, पंख्याची मोटर. पुढे मंडळाने ती गोदामात टाकली, तिथून भंगारात गेली, आणि आता गंगापूर धरणाजवळच्या या रिसॉर्टात अँटिक म्हणून उभी होती. ओठांना ऑइलपेंट. चोळी खाली कापलेली, छातीत फोम कोंबलेला. पायाशी पितळी पाटी : ‘लावणीची राणी लंकाबाई. बटण दाबा.’

"आजी, दोन मिनिटांचं काम आहे," तेजस्विनी कानाशी म्हणाली. नात इथेच रिसेप्शनला होती, पुढच्या महिन्यात पर्मनंट व्हायची होती. म्हणून तर म्हातारी सत्काराला आली होती. "शाल घे, बटण दाब, फोटो. झालं."

"हिचा मुजरा कुठं गेला?"

"कसला मुजरा?"

"ही आधी पाठमोरी असायची. डोईवर पदर घेऊन. फडात बाई तशीच येती. कधी वळायचं ते तिचं ती ठरवती."

हर्षलने ऐकलं. "तो फॉल्ट होता, आजी. बटण दाबलं की कस्टमरकडे पाठ. लोक वैतागायचे. चकतीच काढून टाकली." मग टेबलाकडे बघत म्हणाला, "आता कायम पुढून."

पुन्हा हशा. एक ढेरपोट्या उठला, बाहुलीच्या गळ्यात हात टाकला, कापलेल्या चोळीत नोट खोचली. फोटो त्याच्या बायकोनेच काढला, कडेवर पोर घेऊन. लंकाबाईंना ती नोट स्वतःच्या अंगाला चिकटल्यासारखी वाटली. असले हात त्यांनी उभा जन्म मनगटं पिरगाळून बाजूला केले होते. लाकडाला ते कुठून जमावं? आणि फडात येणारे बेवडे बरे म्हणायचे. निदान लपून यायचे, घरी सांगून येत नव्हते.

"चला आजी, बटण," हर्षल त्यांच्या खांद्यावर शाल टाकत म्हणाला. "आणि एखादी स्टेप मारा बाहुलीबरोबर. लाइव्ह चालूये."

"आजी, माझ्यासाठी," तेजस्विनी म्हणाली.

"तुझ्यासाठीच करते."

लंकाबाईंनी बटण दाबलं. बाहुली खडखडली, कंबर हलवू लागली. त्या तिच्या नि लोकांच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या. शाल खुर्चीवर टाकली, डोक्यावर पदर घेतला, दोन्ही हातांनी त्याची टोकं ताणून धरली आणि लोकांकडे पाठ केली.

मोबाइल वर झाले. कुणीतरी शिट्टी घातली. सगळे त्यांच्या वळण्याची वाट बघत राहिले. समोर त्यांचाच तरणा चेहरा रंगवलेल्या ओठांनी हसत होता. मोटर थांबली. म्हातारी वळली नाही.

"वळा की आजी," हर्षल म्हणाला. मग नातीकडे बघून म्हणाला, "तेजस्विनी, सांग त्यांना. नाहीतर उद्यापासून तूही येऊ नको."

पदराच्या आडून लंकाबाईंना नातीचे काळे बूट जवळ येताना दिसले. ते त्यांच्यापाशी थांबले नाहीत, पुढे गेले. तेजस्विनीने चोळीतली नोट चिमटीने उपसून खाली टाकली. गळ्यातली युनिफॉर्मची ओढणी काढून बाहुलीच्या डोक्यावर घातली. मग तिला पाठमोरी फिरवायला कमरेशी हात नेला.

"कमरेला नाय, पोरी," लंकाबाई म्हणाल्या. "खांद्याला धर."